पापुद्र्यांचे पदार्थविज्ञान : प्रस्तावना

अणुजाडीचे पदार्थ म्हणजे ज्यांची लांबी-रुंदी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसण्याइतकी असते, परंतु जाडी मात्र एका अणूची किंवा फार तर तीन-चार अणूंची असते, असे स्फटिक होत. शिसपेन्सिलीतले काळे द्रव्य, म्हणजेच ग्राफाइट, ही अशा थरांची चळत असते. तिच्या प्रत्येक थरात कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत एकमेकांशी अतिशय घट्ट बांधलेले असतात. पण एका थराला दुसऱ्याशी धरून ठेवणारे व्हॅन डर वाल्स बल इतके दुबळे असते की कागदावर पेन्सिल ओढताना थरांचे पुंजके सुटून कागदावर राहतात. लगतच्या दोन थरांतील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असल्यामुळे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये सुमारे तीस लाख थर मावतात, आणि त्यांतला एकच थर सुटा केला की त्याला ग्राफीन म्हणतात. ग्राफाइटसारखे थरांचे पदार्थ निसर्गात आणि प्रयोगशाळेत पुष्कळ आहेत. एक लाखाहून अधिक ज्ञात संयुगांची संगणकावर छाननी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे थर सुटे करता येण्याजोगी १,८२५ संयुगे आढळली, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष अभ्यास झालेली संयुगे अजून थोडीच आहेत.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय या पदार्थांची हाताळणी हा आहे. तिचे एक अंग कारागिरीचे आहे: पापुद्रा सोलणे, तो किती थरांचा आहे हे ओळखणे, पारदर्शक रबरी ठशाने तो उचलणे आणि दुसऱ्या पापुद्र्यावर हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात ठेवणे. दुसरे अंग गुणधर्मांचे आहे, कारण या पदार्थांत रासायनिक घडण जशीच्या तशी ठेवूनही केवळ थरांची संख्या, ताण, पिळाचा कोन, शेजारचा पदार्थ किंवा बाहेरून लावलेला विद्युतदाब बदलला की पदार्थाचे वागणे पालटते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे त्याचे ठळक उदाहरण आहे. गॅरेजमधल्या ग्रीसमध्ये वंगण म्हणून मिसळली जाणारी ही काळसर भुकटी अर्धसंवाहक आहे, म्हणजे तिच्यातील इलेक्ट्रॉनांना मोकळे होण्यासाठी ठरावीक ऊर्जा द्यावी लागते आणि या ऊर्जेला ऊर्जाफट म्हणतात. जाड स्फटिकात ही फट अशा स्वरूपाची असते की पदार्थ प्रकाश जवळजवळ फेकतच नाही. परंतु गंधक-मॉलिब्डेनम-गंधक असा एकच थर उरला की फटीचे स्वरूप बदलते, तिचे मूल्य सुमारे १.३ वरून १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाते आणि लेसरचा प्रकाश पडताच थर स्वतः लालसर प्रकाश देऊ लागतो. २०१० मध्ये कोलंबिया आणि बर्कले येथील दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. पदार्थ तोच, जाडी तेवढी वेगळी. रसायनशास्त्राच्या पारंपरिक अभ्यासक्रमात वाढलेल्या विद्यार्थ्याला हे पचवायला थोडा वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

या क्षेत्राचा आरंभ २००४ मध्ये झाला असे सांगण्याची प्रथा आहे, ती सोयीची असली तरी अपुरी आहे. ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रॉडी यांनी १८५९ मध्येच तीव्र नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेट यांच्या साह्याने ग्राफाइटचे ऑक्साइड तयार केले होते. भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा टप्पा कोलकात्याचा आहे: १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासोबत प्रकाशाच्या विकिरणावर काम करणाऱ्या के. एस. कृष्णन यांनी पुढे एन. गांगुली यांच्यासह ग्राफाइटच्या विद्युत आणि चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास केला आणि हे गुणधर्म थराच्या दिशेने एक व थराच्या आरपार अगदी वेगळे असतात हे १९३९ ते १९४१ या काळात मोजून दाखवले. ग्राफाइटमधील इलेक्ट्रॉन प्रामुख्याने थराच्या आतच वावरतात, हा विचार या मोजमापांत स्पष्ट आहे. त्यानंतर १९४७ मध्ये पी. आर. वॉलेस यांनी कॅनडात, अणुभट्टीतील ग्राफाइटच्या निमित्ताने, कार्बनच्या एका सुट्या थराचे गणित मांडले. त्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्यांच्या संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, म्हणजे प्रकाशकणांप्रमाणे, असा निष्कर्ष निघाला. वॉलेस यांना एकच थर हा हिशेबाचा पहिला टप्पा म्हणून हवा होता. असा थर कधी हाती येईल याचा तिथे विचारही नव्हता. लांडाऊ आणि पायर्ल्स यांच्या जुन्या युक्तिवादानुसार तर असा द्विमितीय स्फटिक उष्णतेच्या कंपनांमुळे टिकूच शकत नव्हता. तरीही १९६२ मध्ये जर्मनीत हान्स-पीटर बोएम यांनी ऑक्साइडपासून अत्यंत पातळ कार्बन-पत्रे मिळवली, आणि साठच्या दशकातच रॉबर्ट फ्रिंट यांनी चिकटपट्टीने सोलून मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे काही थरांचे पापुद्रे काढले. साधने होती, पदार्थ होता, गणितही होते. पातळ पापुद्र्यावर विद्युतजोडण्या करून त्याला प्रश्न विचारावेत, एवढेच फारसे कोणाला सुचले नव्हते.

ते मँचेस्टरला सुचले. आंद्रे गाइम यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितलेला वृत्तान्त विद्यार्थ्यांच्या दृष्टीने बोलका आहे. दा जियांग या नव्या पीएच.डी. विद्यार्थ्याला ग्राफाइटचा तुकडा घासून शक्य तितका पातळ करण्याचे काम दिले गेले, घासून उरलेला कण तरीही फार जाड निघाला, आणि मग शेजारच्या टेबलावरील एका अनुभवी सहकाऱ्याने ग्राफाइटचा पृष्ठभाग साफ करून फेकून दिलेली चिकटपट्टी दाखवली. त्या पट्टीवरचे पापुद्रे यंत्राने घासलेल्या कणापेक्षा कितीतरी पातळ होते. कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ते उचलून सिलिकॉनच्या चकतीवर ठेवले, ऑक्टोबर २००४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला (जियांग त्याच्या लेखकांत आहेत) आणि २०१० मध्ये गाइम व नोव्होसेलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन ऑक्साइडचा लेप होता, या तपशिलावर सारा शोध उभा आहे. ग्राफीनचा एक थर दृश्य प्रकाशाचा फक्त २.३ टक्के भाग शोषतो, त्यामुळे एरवी तो जवळजवळ अदृश्य राहतो. पण त्या लेपावर परावर्तित लहरींच्या व्यतिकरणामुळे त्याच्या रंगात किंचित फरक पडतो, आणि सरावलेल्या डोळ्याला महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकाखालीही तो सापडतो. हे २.३ टक्क्यांचे मोजमाप २००८ मध्ये प्रसिद्ध करणारे राहुल नायर केरळचे असून त्या वेळी मँचेस्टरला विद्यार्थीच होते.

पुढील इतिहासातही हाताने काम करणारी माणसे बहुतेक विद्यार्थीच दिसतात, आणि या पुस्तकाची भूमिका त्यावरच आधारलेली आहे. ग्राफीनमधील वैशिष्ट्यपूर्ण क्वांटम हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्रात विद्युतरोध ठरावीक पायऱ्यांनी बदलण्याची घटना) २००५ मध्ये मँचेस्टरबरोबरच कोलंबिया विद्यापीठात फिलिप किम यांच्या गटाने दाखवला, त्यातील प्रत्यक्ष काम युआनबो झांग या विद्यार्थ्याचे होते. धातूंच्या कार्बाइडांचे थर, ज्यांना मॅक्सीन म्हणतात, ते २०११ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठात मायकेल नगीब यांनी पीएच.डी. करताना मिळवले. कॉर्नेलमध्ये मेलिना ब्लीस यांनी ग्राफीनला कातरून ताणता येणाऱ्या स्प्रिंगा आणि बिजागऱ्या केल्या, तेही संशोधक विद्यार्थिनी असतानाच. यामागे कारण आहे. नमुना तयार करण्याचे काम हे बोटांच्या स्थैर्याचे, तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली शोधत राहण्याच्या चिकाटीचे आणि शंभरातले नव्वद नमुने वाया गेले तरी नोंद ठेवण्याच्या सवयीचे आहे. टोकियो विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये हे काम करणारा यंत्रमानव तयार करून एकावर एक २९ थर रचून दाखवले खरे. पण जगातील बहुतांश प्रयोगशाळांत थर आजही विद्यार्थीच रचतात.

२०१८ हे वर्ष आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर किंचित तिरपे पडले की त्यांच्या बारीक छिद्रांतून एक मोठी नक्षी दिसू लागते. ग्राफीनचे दोन थर लहानशा कोनात पिळून ठेवले असता अणूंच्या जाळ्यांतून अशीच मोआरे नक्षी उमटते आणि इलेक्ट्रॉनांना मूळ जाळीऐवजी त्या मोठ्या नक्षीचा प्रदेश भेटतो. सुमारे १.१ अंशाच्या कोनात, जेव्हा नक्षीचा आवर्त जवळपास १३ नॅनोमीटरचा होतो, इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ शून्यावर येईल आणि त्यांच्यातील परस्पर प्रतिकर्षण प्रभावी ठरेल, असे भाकीत रफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये केले होते. एमआयटीत पाब्लो हारीयो-हेरेरो यांचे विद्यार्थी युआन काओ यांनी तो कोन प्रत्यक्षात साधला, आणि १.७ केल्व्हिन तापमानाखाली त्या पिळलेल्या जोडथरात अतिसंवाहकता, म्हणजे विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा होण्याची अवस्था, मिळाली. कोन अचूक येण्यासाठी वापरलेली युक्ती ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात दोन वर्षे आधी विकसित झाली होती: दोन वेगळे पापुद्रे घेण्याऐवजी एकच पापुद्रा अर्धा फाडून उचलायचा, खालची चकती हवी तेवढी फिरवायची आणि उरलेला अर्धा त्याच्याखाली घ्यायचा, म्हणजे दोघांची मूळ दिशा एकच असल्याने फिरवलेला कोन हाच पिळाचा कोन ठरतो. इतक्या साध्या युक्तीतून घनावस्था भौतिकीची एक नवी शाखा निघाली.

पदार्थ मिळवण्याच्या पद्धतींवरून या क्षेत्रात काही परंपरा पडल्या आहेत. चिकटपट्टीची परंपरा सर्वांत शुद्ध पापुद्रे देते, पण ते मायक्रोमीटरांत मोजावे लागतात. या परंपरेला खरी धार आली ती २०१० मध्ये, कोलंबिया विद्यापीठात कोरी डीन आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन ऑक्साइडऐवजी षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या सपाट, विद्युतरोधी पापुद्र्यावर ग्राफीन ठेवून इलेक्ट्रॉनांची चलनशीलता जवळजवळ दहापट वाढवली तेव्हा. आणि ते बोरॉन नायट्राइड जपानमधील त्सुकुबा येथे तानिगुची व वातानाबे हे दोन शास्त्रज्ञ प्रचंड दाबाखाली वाढवून जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवत आले आहेत, ही विज्ञानातील सहकार्याची फारशी न सांगितली जाणारी कथा आहे. दुसरी परंपरा बाष्पनिक्षेपणाची: तापलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मिथेनचे विघटन करून २००९ पासून ग्राफीनचे मोठे पत्रे वाढवता येऊ लागले. जॉर्जिया टेकमध्ये वॉल्ट डी हीर यांनी सिलिकॉन कार्बाइड तापवून त्याच्या पृष्ठभागावर ग्राफीन उगवण्याची वाट धरली, तिला यंत्रसामग्री महाग लागते. डब्लिनमध्ये जोनाथन कोलमन यांच्या गटाने द्रवात ध्वनिलहरींनी थर सुटे करण्याचे तंत्र विकसित केले आणि २०१४ मध्ये स्वयंपाकघरातला मिक्सरही त्यासाठी चालतो असे दाखवले.

उरते ती सर्वांत जुनी, रासायनिक परंपरा, आणि हे पुस्तक मुख्यतः ज्याच्यासाठी लिहिले आहे त्या वऱ्हाडातील वाचकाचा संबंध तिच्याशीच अधिक येणार असल्याने तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. हमर्स आणि ऑफमन यांच्या १९५८ मधील पद्धतीत ग्राफाइट, सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट अशा सामग्रीने काही तासांत ग्राफाइट ऑक्साइड मिळते. ते पाण्यात विखुरले की त्याचे थर सहज सुटतात, आणि त्यातील ऑक्सिजन काढून टाकला की क्षपित ग्राफीन ऑक्साइड हाती येते. पद्धत स्वस्त आहे म्हणून ती सर्वत्र आहे, पण निर्धोक नाही. परमँगनेट घालताना मिश्रण २० अंश सेल्सियसखाली ठेवावे लागते, कारण त्यात तयार होणारा मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या आसपास स्फोटक होतो. आणि अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत ज्या खोलीचे तापमानच चाळिशी ओलांडते, तिथे बर्फाचे पात्र हा प्रयोगाचा गौण तपशील राहत नाही. परदेशी शोधनिबंधांतील कृती जशीच्या तशी उतरवून घेण्याची सवय इथे धोक्याची ठरते, म्हणून या पुस्तकात सुरक्षिततेचा भाग परिशिष्टात न ढकलता प्रत्येक कृतीच्या आधी दिला आहे.

महाराष्ट्रात या विषयाची ठळक केंद्रे मुंबई-पुण्याकडे आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने विद्यार्थ्यांच्या साह्याने ग्राफीनचे टांगते पापुद्रे ढोलाच्या पडद्याऐवजी दोन टोकांना बांधलेल्या पट्टीसारखे कंपित केले आणि २०१० मध्ये त्यांच्या कंपनांवरून ग्राफीन तापवल्यावर आकुंचन पावते हे मोजले. पुढे याच गटाने प्रत्येकी दोन थरांच्या ग्राफीनच्या दोन जोड्या एकमेकींवर पिळून ठेवल्या आणि विद्युतदाबाने त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यांची रचना मुळापासून कशी बदलते हे २०२२ पर्यंतच्या कामात दाखवले. देशमुख यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबई येथेही थरांच्या पदार्थांवर काम होते. मराठी संशोधकांचा एक धागा अमेरिकेत पोचतो: नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विनायक द्रविड यांच्या प्रयोगशाळेत २०१२-१३ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ट्रान्झिस्टरांवर जे काम झाले, त्यात पुणे विद्यापीठातून गेलेल्या तरुण संशोधकाचा पुढाकार होता. त्या कामाचा एक निष्कर्ष या पुस्तकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. वायू ओळखण्यासाठी एका थरापेक्षा काही थरांचा पापुद्रा अधिक संवेदनशील आणि पूर्वस्थितीला चांगला परतणारा ठरला. एकच थर म्हणजे सर्वोत्तम, ही समजूत सोडली तर मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेपुढे बरेच मार्ग मोकळे होतात.

वऱ्हाडातील उच्च विज्ञानशिक्षणाचा पाया जुना आहे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये सुरू झाले, ते पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेमुळे शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली विज्ञान महाविद्यालयांपर्यंत पोचली, अकोल्यात १९६९ मध्ये त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ झाले, आणि १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. आज संत गाडगे बाबांच्या नावाने चालणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम असे पाच जिल्हे येतात. या परिसरातील भौतिकी आणि रसायनशास्त्र विभागांत गेली काही दशके पॉलिॲनिलिनसारख्या वाहक पॉलिमरांवर, जस्त आणि कथिल यांच्या ऑक्साइडांच्या छापील जाड थरांवर आणि त्यांपासून होणाऱ्या वायुसंवेदकांवर सातत्याने काम झाले आहे. लेप घोटणे, जाळीतून तो काचेवर किंवा ॲल्युमिनावर छापणे, भट्टीत भाजणे, वायूच्या कक्षात रोध मोजणे ही कौशल्ये इथल्या विद्यार्थ्याच्या हातात आधीच आहेत, आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडची किंवा क्षपित ग्राफीन ऑक्साइडची शाई त्याच जाळीतून छापता येते. वऱ्हाडाने मुंबईच्या अतिशीत प्रयोगशाळेची नक्कल करण्याचे कारण नाही. आपल्या हातातल्या कसबाला जोडून घेता येईल तेवढा भाग उचलावा, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

स्थानिक प्रश्नही त्याच दिशेने बोट दाखवतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर राहील असा स्वस्त, हलका संवेदक तेव्हाही नव्हता. धातूच्या ऑक्साइडांचे नेहमीचे संवेदक साधारण २०० ते ४०० अंशांपर्यंत तापवावे लागतात, म्हणून त्यांना वीज अधिक लागते. अणुजाडीच्या पदार्थांत जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असल्याने ते खोलीच्या तापमानालाही प्रतिसाद देतात. अर्थात ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २५ अंश हे गृहीत धरूनच बहुतेक शोधनिबंध लिहिलेले असतात. अकोल्यात हिवाळ्याच्या पहाटे दहा-बारा अंश आणि मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीस अंश असतात, मधल्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता कमालीची वाढते, आणि आर्द्रता हा अशा संवेदकांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. वर्षभर उघड्या हवेत ठेवून त्याच संवेदकाचे वाचन नोंदवणे हा प्रयोग महागड्या यंत्राशिवाय इथे होऊ शकतो, आणि तो झाला तर त्याचे महत्त्व वऱ्हाडाबाहेरही राहील.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे, आणि दर्यापूर-अकोटकडच्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी दूरच्या योजनांवर किंवा शुद्धीकरण यंत्रांवर अवलंबून राहावे लागते. राहुल नायर यांनीच २०१२ मध्ये दाखवले की ग्राफीन ऑक्साइडचे थर एकावर एक बसवून केलेल्या पटलातून हेलियमसारखा वायूही जात नाही, पण पाण्याची वाफ मोकळेपणाने जाते. मात्र असे पटल पाण्यात बुडवले की फुगते, थरांमधले अंतर वाढते आणि मिठाचे आयन निसटून जातात. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने पटल इपॉक्सीत घट्ट बसवून फुगणे रोखले, तेव्हा मीठ अडवणे शक्य झाले. घराघरांतल्या गाळणीची जागा घेण्याइतके हे तंत्र अजून पक्के झालेले नाही. परंतु फुगण्याचे प्रमाण इथल्या विहिरींच्या पाण्यात, ज्यात केवळ साधे मीठ नसून इतर क्षारही असतात, कसे बदलते हे पाहणे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

येथे एक कटू गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेपासून पीएच.डी.च्या प्रबंधांपर्यंत ‘ग्राफीन’ हे नाव फार सैल हाताने वापरले जाते. पऱ्हाटी, तुराट्या किंवा नारळाच्या करवंट्या जाळून मिळणारा कार्बन धारित्रासाठी किंवा रंग शोषण्यासाठी उपयोगी असू शकतो, त्यावर प्रामाणिक आणि चांगले काम होऊ शकते. पण त्याला ग्राफीन म्हणता येत नाही. तीन ते दहा थरांच्या पत्र्यांना ‘काही थरांचे ग्राफीन’ म्हणण्याची आंतरराष्ट्रीय परिभाषा ठरलेली आहे, त्यापलीकडे ते पातळ ग्राफाइट होय. हा सैलपणा केवळ विद्यार्थ्यांचा नाही. २०१८ मध्ये साठ उत्पादकांच्या मालाची तपासणी झाली तेव्हा बहुतेकांच्या मालात खरे ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. नाव ठरवण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन रामन वर्णपट हे आहे: पदार्थावर लेसर टाकला असता परत येणाऱ्या प्रकाशाच्या रंगात होणारा सूक्ष्म बदल त्याच्या अणूंच्या कंपनांची ओळख देतो. ग्राफीनच्या बाबतीत १,५८० आणि २,७०० तरंगांकांजवळील शिखरांचा आकार थरांची संख्या सांगतो, तर १,३५० जवळचे शिखर दोष किती आहेत ते दाखवते. क्ष-किरणांचा एक आलेख आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे एक सुरेख छायाचित्र जोडून ही पडताळणी टाळता येत नाही. असा वर्णपटमापक प्रत्येक महाविद्यालयात नसतो, म्हणून नमुने मुंबईला, इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राला किंवा अन्यत्र पाठवावे लागतात आणि निकालाची वाट पाहावी लागते. नमुना पाठवण्याआधी काय मोजायचे आहे, निकाल असा आला तर काय ठरेल आणि तसा आला तर काय, हे लिहून ठेवण्याचा आग्रह या पुस्तकात जागोजागी आढळेल तो यामुळेच.

या सगळ्याला सध्याचा काळही अनुकूल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन-प्रकल्पाची सोय झाली आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींमुळे पीएच.डी. करणाऱ्यांना आधार मिळाला आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांत बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रशिक्षण आणि यंत्रे वापरण्याची संधी देणारा कार्यक्रम चालतो. आणि एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये क्वांटम पदार्थांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. यातला किती पैसा आणि किती जागा अमरावती-अकोल्यापर्यंत पोचतील हा वेगळा प्रश्न असला, तरी जो अर्ज करतो त्यालाच ते मिळते, हेही खरे आहे.

पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापर्यंतच्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून या पुस्तकाची रचना केली आहे. घनावस्था भौतिकीची प्राथमिक ओळख गृहीत धरली असून त्यापुढील संज्ञा त्या त्या ठिकाणी समजावल्या आहेत. चिकटपट्टीची कृती, द्रवातील सोलणी, ऑक्साइडची रीत, शाई आणि छपाई, संवेदकाची मांडणी आणि मोजमाप यांवर भर आहे. न जमलेल्या प्रयोगांना जमलेल्यांइतकीच जागा दिली आहे, कारण उन्हाळ्यात मऊ पडलेल्या पट्टीचा गोंद पापुद्र्याखाली कसा राहतो किंवा पावसाळ्यात थरांमध्ये पाण्याचे बुडबुडे कसे अडकतात, हे छापील शोधनिबंधांत क्वचितच वाचायला मिळते. अतिशीत तापमानातील मोजमापे मात्र जाणीवपूर्वक वगळली आहेत. ज्या प्रदेशात द्रव हेलियम मिळत नाही तिथे त्यांच्यावर प्रकरण लिहिणे म्हणजे वाचकाला केवळ प्रेक्षक करणे झाले असते.

पिळलेल्या थरांचा भाग मात्र त्या कारणाने गाळलेला नाही, कारण त्याचा निम्मा अभ्यास संगणकावर होतो. १.१ अंशाच्या आसपास मोआरे नक्षीच्या एका आवर्तात अकरा हजारांच्या घरात अणू येतात, आणि त्यांचा पूर्ण क्वांटम हिशेब महाविद्यालयाच्या संगणकावर होण्यासारखा नाही. परंतु बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांचे प्रारूप अणू एकेक न मोजता नक्षीचीच लहर धरते, त्यामुळे काही शे ओळी-स्तंभांच्या सारणीवर काम भागते आणि उत्तर साध्या संगणकावर काही मिनिटांत मिळते. पुस्तकाच्या शेवटच्या भागात हे प्रारूप समीकरणापासून मुक्त संगणकभाषेतील प्रोग्रॅमपर्यंत पूर्ण मांडले आहे. वाचकाने पिळाचा कोन ३ अंशांवरून हळूहळू खाली आणावा, प्रत्येक कोनाला ऊर्जेचे पट्टे काढावेत, ते कोणत्या कोनाला सपाट होतात ते स्वतः शोधावे, आणि मग दोन थरांमधील जोडाची ताकद दहा टक्क्यांनी बदलून तो कोन किती सरकतो ते पाहावे. उत्तर पुस्तकात दिलेले नाही.